वाटेवर बर्फ कसा आहे?

मैत्रिणींनो, या महिन्यात आलेल्या पत्रांत थंडीची पत्रे बरीच आहेत. आपल्याकडच्या थंडीची नव्हेत, हिमालयातल्या! दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच घराघरांतून मुलामुलींचे बेत शिजू लागतात, आणि नाताळच्या सुट्टीत 'केदारकांठा' हे नाव आता माथेरान-महाबळेश्वरासारखे सहज तोंडी येते. सांगलीच्या एका भगिनीने लिहिले आहे, "मुलगी एकोणीस वर्षांची. मैत्रिणींबरोबर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केदारकांठ्याला जायचं म्हणते. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला कशाला पाठवायचं? हे म्हणतात, सगळेच जातात, जाऊ दे. मला मधल्यामध्ये काही सुचत नाही. निदान स्वेटर किती द्यावेत ते तरी सांगा."

स्वेटरचे सांगतेच. पण त्याआधी, बाई, तुम्ही पैसे भरण्यापूर्वी ट्रेक नेणाऱ्यांना एक प्रश्न विचारला का? "वाटेवर बर्फ कसा आहे?" किती आहे, हे सगळेच विचारतात. किती हा फोटोचा प्रश्न झाला. कसा आहे, हा पाय ठेवण्याचा प्रश्न आहे.

मी काही गिर्यारोहक नव्हे. शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, आणि काही वर्षांपूर्वी ह्यांच्याबरोबर हिमाचलमधला सार पास चालून आले, एवढीच माझी स्वतःची पुंजी. बाकीचे वाचून आणि जाणत्यांना विचारून गोळा केलेले. पण आईला जेवढे कळायला हवे तेवढे यातून नक्की कळते.

आधी जागा समजून घेऊ. केदारकांठा उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात. शिखराची उंची साडेबारा हजार फूट, म्हणजे सुमारे ३,८०० मीटर. पायथ्याचे गाव सांकरी. डेहराडूनहून तिथवर गाडीने दिवस मोडतो. हे गावच सुमारे १,९५० मीटरवर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे मुलगी गाडीतून उतरून पाठीवर पिशवी घेईल तेव्हाच ती कळसूबाईच्या डोक्यावर तीनशे मीटर उभी असेल! तिथून पहिला मुक्काम बहुधा जुडा का तालाब, सुमारे २,८०० मीटर. पुढचा पायथ्याचा तळ सुमारे ३,४०० मीटर. आणि मग पहाटेच्या अंधारात निघून शिखर. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होत जाते. सांकरीत स्वेटरवर भागले म्हणून वरही भागेल असे नाही. डिसेंबरअखेर वरच्या तळावर रात्री पारा शून्याखाली आठ-दहा अंश गेला तर कोणी नवल मानत नाही, आणि वारा सुटला की अंगाला तो त्याहूनही बोचतो.

आता बर्फाकडे वळू. आपल्या भाषेत फ्रिजमधला तोही बर्फ, रसवंतीवाला फोडतो तोही बर्फ, आणि आभाळातून पडतो तोही बर्फच. त्यामुळे सगळे एकच वाटते. पण एकाच वाटेवर एकाच आठवड्यात तो चार तऱ्हांनी वागतो. ताजा पडलेला बर्फ चाळलेल्या पिठीसाखरेसारखा हलका असतो. दिसायला सुरेख, पण पाय गुडघ्यापर्यंत आत जातो आणि तासाला जेवढे चालायचे त्याच्या निम्मेही चालून होत नाही. दोन-तीन दिवसांनी तो बसतो, दबतो, आणि पुढे गेलेल्यांच्या पावलांनी पायवाट तयार होते. चालायला हा सर्वांत चांगला. मात्र त्याच पायवाटेवर दिवसा ऊन पडून वरचा थर ओलावला आणि रात्री पुन्हा गोठला, की सकाळी तिथे काच पसरल्यासारखी होते. केदारकांठ्यासारख्या गर्दीच्या वाटेवर शेकडो बुटांनी दाबलेला बर्फ असा गोठतो, तेव्हा नवख्यांची खरी फजिती उतरतानाच होते. चढताना माणूस दमतो, पण मनगट मोडते ते उतरताना. आणि चौथी तऱ्हा म्हणजे दुपारचा बर्फ, ओला, जड, मऊ भातासारखा. त्यात पाय रुततो आणि बूट आतून भिजतो.

हे मला पुस्तकातून कळले नसते. सार पास सुमारे १३,८०० फुटांवर. महिना मे, पण वर बर्फच बर्फ. शेवटच्या नगारूच्या तळावरून आम्हाला रात्री तीनला उठवून चालायला लावले. मी मनात म्हणते आहे, हा काय छळ! इतकी थंडी, उजाडल्यावर निघालो तर काय बिघडेल? पण पुढचा गाइड, कोवळा पोरगाच होता, बुटाच्या टाचेने कडक बर्फात पायऱ्या पाडत चालला होता आणि त्या पायऱ्यांत आमचे पाय कसे घट्ट बसत होते. "दीदी, धूप से पहले पार," एवढेच तो म्हणे. आम्ही खिंडीपलीकडे पोचून बसलो आणि दहाच्या सुमारास मागून उशिरा निघालेली एक तुकडी येताना दिसली. तोच उतार, त्याच पायऱ्या, पण उन्हाने सैल झालेल्या. एकेक पाऊल मांडीपर्यंत आत जात होते. एक बाई तर रडकुंडीला आली होती. चार तासांत वाट बदलली होती, माणसे तशीच होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ओढ्यांवरून बर्फाचे पूल झालेले असतात. वरून अखंड पांढरे दिसते आणि खाली पाणी खळाळत असते. दुधावरची साय कशी, वरून घट्ट आणि बोट लावले की आत! सकाळी हा पूल वजन पेलतो, दुपारी पेलेलच असे नाही. आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारच्या वितळलेल्या पाण्याने कमरेएवढा होऊ शकतो. म्हणून 'लवकर निघा, लवकर पोचा' हा डोंगरातल्या लोकांचा नियम आहे. आपल्या मुलीला झोप प्रिय असेल तर तिला आधीच बजावा.

आता ज्या गोष्टीची मनात खरी भीती असते ती, हिमस्खलन. सिनेमात आवाजाने अख्खा डोंगर कोसळतो, तसे नसते. जीव घेणारी बहुतेक हिमस्खलने त्यात सापडलेल्यांच्याच, किंवा त्यांच्या सोबत्यांच्या वजनाने सुटलेली असतात. कसे, ते पाहा. डिसेंबरच्या आरंभी थोडासा बर्फ पडतो आणि मग पंधरा दिवस नुसते कोरडे आभाळ. खाली जमीन त्या मानाने उबदार, वर हवा कडाक्याची गार. या फरकामुळे मधल्या पातळ थराचे रूप आतल्या आत पालटते आणि त्याचे जाड साखरेसारखे सुटे दाणे होतात. मुठीत कितीही दाबा, लाडू वळला जात नाही. मग एखादा पश्चिमी झंझावात येतो (भूमध्य समुद्राकडून येणारे हे वारेच हिवाळ्यात हिमालयाला बर्फ देतात) आणि त्या सुट्या दाण्यांवर दोन-तीन फूट नवा थर बसतो. ताटात साखर पसरून वर जाडशी भाकरी ठेवा आणि ताट तिरपे करा. भाकरी अख्खी घसरते की नाही? हिमस्खलन तेच. म्हणूनच हिवाळ्याच्या सुरुवातीला 'यंदा बर्फ कमी आहे, काळजी नको' असे कुणी म्हणाले तर ते पुरते खरे मानू नका. पातळ बर्फाच्या पोटातच हे दाणे जास्त तयार होतात.

ताट किती तिरपे झाले की घसरते? साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत वाईट. अंश कसे ओळखायचे, असे तुम्ही म्हणाल. घरातला जिना पाहा. आपल्या घरांचे जिने साधारण तीस ते पस्तीस अंशांचेच असतात. जिन्याएवढा किंवा त्याहून उभा, झाडे नसलेला, बर्फाने भरलेला उतार आणि त्यावर नुकताच पडलेला बर्फ, ही जोडी दिसली की जाणता माणूस थांबतो किंवा लांबून वळसा घेतो. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस तर फारच जपायचे. वाऱ्याने उडून आलेला बर्फ धारेच्या पलीकडे, आडोशाला साचतो, तिथेही तेच. केदारकांठ्याची नेहमीची वाट बरीचशी जंगलातून आणि धारेवरून जाते, त्यामुळे तिथे मुख्य त्रास घसरण्याचा, थंडीचा आणि दमणुकीचा. पण सगळ्याच वाटा तशा नसतात, आणि 'केदारकांठा झाला, आता पुढचा मोठा' असे मुलांचे लगेच सुरू होते, म्हणून हे सांगून ठेवले.

तुम्हाला घाबरवायचे नाही. पण याच उत्तरकाशी जिल्ह्यात २०२२ च्या ४ ऑक्टोबरला 'द्रौपदी का डांडा' या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि सत्तावीस जणांचे मृतदेह बर्फातून काढावे लागले. त्यात प्रशिक्षक म्हणून गेलेली सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. इतकी तयारीची मुलगी! बर्फ बायोडेटा पाहत नाही. आणि २०२४ च्या जूनमध्ये सहस्रताल या उंचावरच्या तलावाच्या वाटेवर कर्नाटकातून आलेल्या बावीस जणांच्या गटाला वादळाने गाठले, त्यात नऊ जण गेले. महिना जून, लक्षात घ्या. तिथे हिमस्खलन नव्हते. वारा, बर्फ, वाट न दिसणे आणि थंडी, एवढेच पुरे झाले.

बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर दहांतले नऊ वाचतात. अर्ध्या तासावर गेले की दहांतले तीनच. म्हणजे खालून मदत येईपर्यंत सगळे संपलेले असते. शेजारचा सोबतीच काय तो वाचवू शकतो, तोही त्याच्याजवळ शोधयंत्र, लांब सळई आणि फावडे असेल तरच. ज्या वाटेवर हिमस्खलनाचा संभव आहे तिथे या तीन वस्तूंशिवाय नेणाऱ्याबरोबर जाऊ नये. माझे मत विचाराल तर अशा वाटेवर नवख्याने मुळीच जाऊ नये.

तर, ट्रेकवाल्यांना फोन लावा. संकोच कसला? आपण लग्नाचे कार्यालय ठरवताना पाण्याच्या टाक्यासुद्धा मोजून घेतो. विचारा, शेवटची हिमवृष्टी केव्हा झाली? आज पहिल्या मुक्कामावर किती बर्फ आहे, आणि वरच्या तळापासून शिखरापर्यंत तो मऊ आहे की गोठलेला? हे तुम्हाला कोणी सांगितले आणि केव्हा? किती मुलांमागे एक गाइड? शिखराच्या दिवशी किती वाजेपर्यंत पोचले नाही तर परत फिरवता? रात्री कुणाची तब्येत बिघडली तर खाली घेऊन कोण येतो?

या शेवटच्या दोन प्रश्नांवरच माणूस कळतो. गेल्या वर्षी माझ्या भाचीसाठी मी अशीच विचारणा केली, तर एका ठिकाणाहून उत्तर आले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, आमची मुलं रोज जातात." हे उत्तर नव्हे. दुसऱ्यांच्या जाहिरातीत 'बर्फाची हमी' असे छापले होते! पावसाची हमी कुणी देते का हो? २०२५ साली गुलमर्गला पुरेसा बर्फ पडला नाही म्हणून फेब्रुवारीतले राष्ट्रीय हिवाळी खेळ पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले. सरकारला जी हमी देता आली नाही ती हे देतात. तिसऱ्या ठिकाणी एक गढवाली गृहस्थ फोनवर होते. ते म्हणाले, "परसों गिरी है, एक फुट. ऊपर रास्ता अभी बना नहीं. कल हमारा आदमी नीचे आएगा, फिर बताऊँगा." आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःहून फोन आला. भाची त्यांच्याबरोबर गेली. 'अजून माहीत नाही' असे जो सांगतो, त्याच्या 'माहीत आहे' ला किंमत.

तुम्ही स्वतःही पाहू शकता. हवामान खात्याच्या डेहराडून केंद्राचा अंदाज रोज निघतो. आणि संरक्षण संशोधन खात्याची चंडीगडला 'डीजीआरई' नावाची प्रयोगशाळा आहे. ती हिवाळ्यात काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडातल्या जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचा इशारा देते. धोक्याच्या पायऱ्या पाच. बहुधा त्यात 'अमुक मीटरच्या वर' असे म्हटलेले असते, म्हणून मघाशी मुक्कामांच्या उंच्या दिल्या. कागदावर त्या लिहून ठेवा म्हणजे इशारा नुसता वाचून घाबरायला नको, तो आपल्या मुलीच्या तंबूला लागू आहे की नाही ते कळेल. मात्र हे इशारे मोठ्या मुलखासाठी असतात. त्या दिवशी त्या वळणावर काय आहे ते तिथला माणूसच सांगणार.

आता एक नाजूक गोष्ट, आपल्या स्वतःची. मुलगी सांकरीहून वर गेली की फोन लागत नाही. दोन-तीन दिवस आपण घिरट्या घालतो. आणि ती खाली उतरून फोन करते तेव्हा आपला पहिला प्रश्न काय असतो? "पोचलीस का गं वर?" मागून आजीचा आवाज, "फोटो पाठव म्हणावं." बाबांनी ऑफिसात सांगून ठेवलेले असते. पैसे भरलेले, रजा घेतलेली, बूट नवे. हे सगळे ओझे तिच्या पाठीवरच्या पिशवीत आपणच भरून दिलेले असते. पहाटे चार वाजता, डोके ठणकत असताना आणि पाय घसरत असताना, 'मी इथूनच परत जाते' असे म्हणायला एकोणीस वर्षांच्या पोरीला काय जड जात असेल! सगळ्या मैत्रिणी पुढे चाललेल्या. म्हणून ती निघण्यापूर्वी, घाईत नव्हे, जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर सांगा की तू दुसऱ्या मुक्कामावरून परत आलीस तरी आम्ही तुला वर का गेली नाहीस असे विचारणार नाही. पैसे गेले तर गेले. हे वडिलांच्या तोंडून निघाले तर अधिक उत्तम. सासूबाईंनाही त्यात घ्या. 'मुलीच्या जातीला' हा त्यांचा मुद्दा मला मान्य नाही. एव्हरेस्टवर पाय ठेवणारी पहिली भारतीय स्त्री बचेंद्री पाल याच उत्तरकाशी जिल्ह्यातल्या खेड्यातली, आणि आपल्या साताऱ्याच्या प्रियांका मोहितेने आठ हजार मीटरवरची पाच शिखरे केली आहेत. पण म्हाताऱ्या माणसाच्या धास्तीत 'परत ये' हा जो शब्द असतो, तो मुलीला ऐकू जाऊ द्या.

डोके ठणकण्याचे म्हणाले, त्याविषयीही दोन शब्द. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ, अन्न नको होणे, झोप न लागणे असे होऊ लागते. धडधाकट मुलांनाही होते. त्यात लाज नाही. सांगायचे, आणि बरे वाटेपर्यंत वर चढायचे नाही. वाढत गेले, चालताना झोक जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो की पहाट, खाली उतरायचे. औषधाच्या गोळ्या शेजारणीच्या सांगण्यावरून देऊ नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

आणि आता स्वेटर! एक जाडजूड स्वेटर देण्यापेक्षा पातळ थर तीन-चार द्या. अंगालगत घाम शोषून न ठेवणारा बनियन, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा, त्यावर पिसांचा जाकीट, आणि सर्वांवर वारा-पाणी अडवणारा एक कोट. चालताना काढायचे, थांबल्याबरोबर घालायचे. सुती कपडा अंगालगत नको. घामाने भिजला की वाळत नाही आणि गारठा धरतो. जीन्स तर घरीच राहू द्या. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते, त्यामुळे आजीने विणलेले मोजे खुशाल द्या. पण एकावर एक दोन जाड जोड घालून बुटात पाय कोंबू नका. पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटे जास्तच गारठतात. झोपण्यासाठी एक जोड वेगळा, कोरडा, पिशवीत बांधून. बुटाला लावायच्या दातेरी साखळ्या आणि पायाला बांधायचे गेटर सांकरीत भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. मात्र साखळ्या अंगणात एकदा घालून पाहायला सांगा. गोठलेल्या हातांनी पहिल्यांदा घालायची ती वस्तू नव्हे. काळा चष्मा हौस म्हणून नाही. ताजा बर्फ उन्हातले अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवतो, आणि उघड्या डोळ्यांनी दिवसभर चालले तर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते. मलम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावायचे, कारण ऊन खालूनही येते. शेंगदाण्याची चिक्की थंडीने दगड होते, दात पडायची वेळ! राजगिऱ्याचे लाडू, खजूर, सुके अंजीर द्या. पाळीची तारीख येत असेल तर न जाण्याचे कारण नाही. पुरेसे पॅड आणि वापरलेले परत आणायला दोन जाड पिशव्या द्या. बर्फात पुरून येऊ नये, उन्हाळ्यात ते सगळे उघडे पडते आणि ओढ्यात जाते.

कपड्यांवरून जपानच्या जुंको ताबेई आठवल्या. १९७५ साली एव्हरेस्टवर पोचलेली ही जगातली पहिली स्त्री. घरी तीन वर्षांची मुलगी. मोहिमेसाठी पैसे मिळेनात, तेव्हा शिकवण्या केल्या, जुन्या पडद्यांच्या विजारी शिवल्या आणि मोटारीच्या आसनांच्या आच्छादनांचे हातमोजे केले. हे वाचून मला फार जवळच्या वाटल्या. पण सांगायचे ते निराळेच. शिखराच्या बारा दिवस आधी, ४ मे रोजी रात्री त्यांच्या तळावर हिमस्खलन आले आणि बाई तंबूसकट गाडल्या गेल्या. शेर्पांनी ओढून बाहेर काढले. पुढे दोन दिवस धड चालता येत नव्हते. त्या झोपेत होत्या, चालत नव्हत्या. तेव्हा विचारणार असाल तर तंबू कुठे लावता, वर उघडा उतार तर नाही ना, हेही विचारून घ्या.

नाशिकच्या एका बाईंनी गुलमर्गचे विचारले आहे. फेब्रुवारीत मुलांसह जायचे आहे, स्कीइंग शिकता येईल का? येईल की! काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या कडक थंडीला 'चिल्ले कलान' म्हणतात. त्या काळात पडलेला बर्फ टिकतो, त्यामुळे चांगल्या वर्षी फेब्रुवारीत जमीन छान भरलेली असते. गुलमर्ग २,६५० मीटरवर. गावालगतच्या सौम्य उतारांवर शिकवणारे मिळतात, तेवढ्यातच राहा. रोपवेचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर, अफरवतच्या खांद्यावर नेऊन सोडतो. तिथे पाहायला जा, घसरायला नको. तिथल्या आखून दिलेल्या हद्दीबाहेरचे उतार म्हणजे मघाशी सांगितलेले तिरपे ताट. २०२३ च्या १ फेब्रुवारीला तिथे पोलंडचे दोघे आणि २०२४ च्या फेब्रुवारीत रशियाचा एक, असे परदेशी स्कीपटू हिमस्खलनात गेले.

शिकाऊ उतारावरही बर्फाची वेळ असते. सकाळी पहिल्या तासात तो गोठलेला, निसरडा. मुले पडली की ढुंगण शेकून निघते. ऊन थोडे चढले की मऊ होतो, तीच शिकायची वेळ. दुपारनंतर ओला होऊन पट्ट्यांना धरून ठेवतो, आणि दमलेल्या पायांचे गुडघे मुरगळतात ते तेव्हाच. 'अजून एकच फेरी' ही फेरी घेऊ देऊ नका. भाड्याचे बूट घालताना एकच मोजा, आणि टाच आत हलते का ते पाहा. हलत असेल तर दुसरे मागा, दुकानदार कुरकुरला तरी. मुलांना हेल्मेट हवेच.

संध्याकाळी ओले बूट बुखारीला टेकवून वाळवू नका, डिंक सुटतो आणि तळ निघून येतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, सकाळपर्यंत कोरडे होतात. आणि खोलीत कोळशाची किंवा लाकडाची शेगडी असेल तर सगळ्या फटी बंद करून झोपू नका. मुले कितीही कुडकुडली तरी खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढायला लावा. तिचा विषारी वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो. वरून आणखी एक रजई मागून घ्या, हॉटेलवाले देतात.